विसाव्या क्रमांकाची दोन पोरं: ब्लू जेजच्या फार्ममधला माल जोखायचा कसा?

मिसिसागाकर

मंडळी, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना अकराव्या इनिंगमध्ये आपल्या टोरांटो ब्लू जेजच्या हातातून गेला. त्यावर रडून झालं असेल तर जरा खालच्या मजल्यावर येऊ या. मला फार्मबद्दल, म्हणजे मायनर (मेजरच्या खालच्या) लीगमधल्या आपल्या पोरांबद्दल बोलायचंय.

२९ ऑक्टोबर २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये ट्रे येसॅव्हेजने डॉजर्सविरुद्ध १२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद) काढले. वर्ल्ड सिरीजमध्ये एवढे कोणत्याही नवख्या पिचरने आजवर काढले नव्हते. आणि हाच गडी एप्रिलमध्ये फ्लोरिडात लो-ए खेळत होता, स्टँडमध्ये तीनशेच्या आसपास डोकी. डनीडिन, व्हँकुव्हर, न्यू हॅम्पशर, बफेलो आणि मग टोरांटो. एका मोसमात पाच गावचं पाणी प्यायला. १५ सप्टेंबरला टँपा बेविरुद्ध पहिला सामना, त्यात ९ स्ट्राइकआउट. तोही क्लबचा पदार्पणातला विक्रम.

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) आपण त्याला विसाव्या क्रमांकावर घेतलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी विसाव्याच क्रमांकावर घेतलेला मुलगा म्हणजे अर्जुन निम्माला, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर). २०२५ मध्ये तो व्हँकुव्हरला हाय-ए खेळला. सुरुवात झोकात झाली, मग बॅट थंडावली आणि बॅटिंगची सरासरी (हिट भागिले बॅटिंगच्या संधी) .२३० च्या खाली गेली. आता आमच्या इथल्या वॉट्सअॅप ग्रुपवर रोज ऐकतोय, 'एक विसावा वर्ल्ड सिरीज गाजवतो आणि दुसरा विसावा फुकट गेला.'

हे मला पटत नाही. ड्राफ्टच्या दिवशी निम्माला १७ वर्षांचा होता, त्या वर्गातल्या सगळ्यात लहान पोरांपैकी एक. येसॅव्हेज ईस्ट कॅरोलायनात तीन वर्षं कॉलेज बेसबॉल खेळून आला होता. निम्माला व्हँकुव्हरला ज्या वयात खेळला त्या वयात येसॅव्हेज कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. एकोणिसाव्या वर्षी बावीस-तेविशीच्या पिचर्ससमोर उभं राहणं आणि समवयस्कांना धुणं यात फरक आहे की नाही? मायनर लीगचा कोणताही आकडा वाचताना आधी वय विचारा, मग लीग, मग पार्क (मैदान). सरासरी सगळ्यात शेवटी.

दुसरं, बाद होतोय तो कसा हे बघा. चेंडू स्ट्राइक झोनबाहेर (मारायलाच हवा अशा चौकोनाबाहेर) असताना बॅट फिरवून बाद होणारा पोरगा आणि चांगल्या चेंडूवर उंच झेल देऊन बाद होणारा पोरगा यांची सरासरी सारखीच दिसते, आजार वेगळे असतात. दुसरा आजार बरा होण्यातला आहे. पहिल्यावर मात्र कारकिर्दी संपल्यात.

आणि एक जुनी गोष्ट. २०२४ मध्ये निम्मालाने डनीडिनला इतकी वाईट सुरुवात केली की क्लबने त्याला महिनाभरातच काढून सरावाच्या कॉम्प्लेक्सवर नेलं, स्विंगवर काम केलं आणि परत पाठवलं. परत आला तो होमरन मारतच. अठराव्या वर्षी लो-एमध्ये पंधराहून जास्त होमरन. म्हणजे पडून उठायचं कसं हे या पोराला ठाऊक आहे.

तुम्ही कसं जोखता? भांडा, पण मुद्द्यावर.


पर्वतीपायथा

छान धागा. मी पुण्यात बसून वर्ल्ड सिरीज पहाटे उठून पाहिली, पण हे लो-ए हाय-ए काही झेपलं नाही. आपल्या रणजीसारखं आहे का हे?


मिसिसागाकर

@पर्वतीपायथा, उपमा जवळची आहे पण एका ठिकाणी फसते. मुंबईचा रणजी संघ रणजी जिंकायला उतरतो. बफेलो बायसन्स ट्रिपल-ए जिंकायला उतरत नाहीत, ते टोरांटोसाठी माल तयार करायला उतरतात. उद्या टोरांटोला पिचर हवा झाला तर बफेलो प्लेऑफच्या उंबरठ्यावर असलं तरी त्यांचा सगळ्यात चांगला पिचर रातोरात उचलतात, कोणी हूं की चूं करत नाही. खेळाडूचा करार टोरांटोशी असतो, बफेलोशी नाही.

पायऱ्या खालून वर अशा: डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग, फ्लोरिडातलं कॉम्प्लेक्स, डनीडिन (लो-ए), व्हँकुव्हर (हाय-ए), न्यू हॅम्पशर (डबल-ए), बफेलो (ट्रिपल-ए). खरी गाळणी डबल-एला लागते. तिथल्या पिचर्सना फास्टबॉलशिवाय दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारचा चेंडूही स्ट्राइक टाकता येतो, नुसत्या फास्टबॉलवर जगलेले बॅटर तिथे उघडे पडतात.


सरासरीबुवा

वय आणि लीग या मुद्द्याला +१. थोडी भर घालतो.

स्काउट लोक २० ते ८० या मापात गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, शाळेतले शंभरपैकी ५० नव्हेत. प्रत्येक दहा गुण म्हणजे साधारण एक प्रमाण विचलन. म्हणून ६० हा मोठा गुण आहे आणि ८० जवळजवळ कोणाला मिळत नाही. व्लॅदिमीर गरेरो ज्युनियर मायनरमध्ये असताना त्याच्या 'हिट'ला (बॅट चेंडूला लावण्याच्या कौशल्याला) काही जणांनी सरळ ८० दिले होते. २०१८ मध्ये त्याने मायनरमध्ये .३८१ मारले तेव्हा ते गुण कोणाला जास्त वाटले नाहीत.

लोकांची गल्लत इथे होते की ते सगळे गुण एकाच तागडीत टाकतात. पळणं, फेकणं, ताकद, फील्डिंग हे डोळ्यांना दिसतं, घड्याळ आणि रडारने मोजता येतं. 'हिट' मात्र पोरगा वर चढेपर्यंत नीट कळत नाही, आणि बाकीच्या चार गुणांची किंमत त्याच्यावरच ठरते. बॅट चेंडूला लागलीच नाही तर ताकद काय लोणच्यात घालायची?

नमुना किती मोठा आहे हेही बघा. बॅटरचं स्ट्राइकआउटचं प्रमाण तुलनेने लवकर स्थिरावतं, सरासरीला मात्र अख्खा मोसमही अपुरा पडतो. येसॅव्हेजचे ९८ इनिंगमध्ये १६० स्ट्राइकआउट, हा आकडा योगायोगाने येत नाही. निम्मालाचा एक थंड जुलै किंवा ऑगस्ट योगायोगाने सहज येऊ शकतो. दोघांना एकाच खात्रीने जोखणंच चूक आहे.


खडूसकाका

सगळं ठीक. पण तुम्ही लोक 'वय, वय' करत प्रत्येक फसलेल्या पोराला पाच-पाच वर्षं मुदतवाढ देता. अँथनी अल्फर्ड आठवतोय? २०१२ ची तिसरी फेरी, कॉलेजात फुटबॉल खेळलेला, अंगकाठी अशी की स्काउट बघतच राहायचे. 'अजून कच्चा आहे, वेळ द्या' असं वर्षानुवर्षं ऐकलं. टोरांटोत काय केलं त्याने? शेवटी कोरियात जाऊन चमकला. तुमचा अर्जुन त्याच वाटेवर नाही कशावरून?


सरासरीबुवा

काका, अल्फर्डचं उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूने जास्त बोलतं. फुटबॉलमुळे त्याची सुरुवातीची वर्षं बेसबॉलविना गेली, म्हणजे त्या त्या पायरीवर तो लहान नव्हता, उशिरा आलेला होता. निम्माला उलट आहे. आणि त्याच फार्ममधून कॅचर अलेहांद्रो कर्क निघाला, हे सोयीस्कर विसरू नका. मेक्सिकोतून काही हजार डॉलरमध्ये आलेला, पाच फूट आठ इंच, गोल गरगरीत. अंगकाठी बघून कोणी त्याला दारात उभं केलं नसतं. पण मायनरमध्ये त्याचे वॉक (चार बॉलवर मिळणारा फुकट बेस) स्ट्राइकआउटपेक्षा जास्त होते. २०२२ आणि २०२५, दोनदा ऑल-स्टार.


खडूसकाका

कर्क हा अपवाद आहे. अपवादावर फार्म चालत नाही.


मोसंबी

मेजरला पोचलेला आपला डेव्हिस श्नायडर २८ व्या फेरीत, एकूण ८४९ वा. आता ड्राफ्टच २० फेऱ्यांचा आहे, म्हणजे तो आज जन्मला असता तर त्याला निवडायला फेरीच शिल्लक नसती. किती अपवाद झाले म्हणायचे काका? :)


बफेलोवाली

धागा वाचनखुणेत टाकला. मी बफेलोला राहते, नदीपलीकडे. उन्हाळ्यात बायसन्सच्या सामन्यांना जाणं होतं, तेव्हा ट्रिपल-एबद्दल माझे दोन पैसे.

ट्रिपल-एच्या आकड्यांना लोक मेजरच्या उंबरठ्यावरचे आकडे समजतात. पण तिथले कितीतरी खेळाडू खालून वर चढत नसतात, वरून खाली उतरलेले असतात. तिशीतला पिचर, वेग गेलेला, पण बॅटरला काय आवडत नाही हे पाठ असलेला. असा माणूस बावीस वर्षांच्या पोराला तीन चेंडूंत घरी पाठवतो. त्यावरून पोरगा वाईट ठरत नाही, उलट पुढच्या खेपेला तो त्याच चेंडूला हात आवरतो का, ते बघायचं. मी प्लेटच्या मागे, पहिल्या बेसच्या अंगाला बसते. तिथून बॅटरचा पुढचा खांदा दिसतो. स्प्लिटर खाली पडतो तेव्हा खांदा उघडला तर समजायचं, फसला. खांदा बंद राहून फक्त मनगट थांबलं तर त्याने चेंडू ओळखला. धावफलकावर दोन्हींची नोंद सारखीच, 'बॉल' किंवा 'स्ट्राइक'.

आणखी एक. ट्रिपल-एमध्ये बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं आणि २०२६ पासून मेजरमध्येही ते लागू. यामुळे कॅचरच्या 'फ्रेमिंग'ची, म्हणजे ग्लोव्ह अलगद आत आणून पंचाला भुलवण्याची किंमत थोडी उतरणार. फार्ममधल्या कॅचरना जोखताना हे धरायला हवं. जुन्या याद्यांत अजून तेच जुने गुण फिरतायत.


नेटबेलीचा पाहुणा

व्हँकुव्हरहून नमस्कार. नॅट बेलीचा मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून काढतो. १९५१ चं मैदान आहे, क्वीन एलिझाबेथ पार्कच्या कुशीत. समुद्रावरची गार, दमट हवा. एप्रिल-मेच्या रात्री इथे जोरात मारलेला चेंडूही कुंपणाआधी दम टाकतो. पिचरांचं मैदान. इथला .२२० आणि एखाद्या उष्ण, उंचावरच्या गावातला .२२० एक नव्हे.

याचं उलट टोक हवं तर ब्रँडन वुड. एंजल्सच्या फार्ममधला शॉर्टस्टॉप, २००५ मध्ये कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होमरन. कोरडी हवा, वारा बॅटरच्या बाजूने. देशभर डंका वाजला. मेजरमध्ये कारकिर्दीची सरासरी .१८६. स्ट्राइकआउट तेव्हाही भरपूर होते, पण ४३ च्या उजेडात ते कोणाला दिसले नाहीत.

आता जो मुद्दा कुठेच वाचायला मिळत नाही तो. चेंडूचा वेग, बॅटवरून सुटतानाचा वेग, झोनबाहेर किती वेळा बॅट फिरवली, ही कॅमेऱ्याची माहिती चाहत्यांना उघडपणे मिळते ती फ्लोरिडाच्या लो-ए लीगची आणि ट्रिपल-एची. म्हणजे आपल्या साखळीत डनीडिन आणि बफेलो. मधली व्हँकुव्हर आणि न्यू हॅम्पशर ही दोन गावं आपल्यासाठी अंधारात. क्लबकडे सगळं असतं, आपल्याकडे नाही. त्यामुळे पोरगा डनीडिनला असतो तोवर आपण त्याच्या प्रत्येक स्विंगचा कीस पाडतो आणि व्हँकुव्हरला आला की एकदम धावफलकावरच्या सरासरीवर येऊन बसतो. निम्मालाचं नेमकं हेच झालंय. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच्याबद्दल बारकाईने लिहिणारे लोक २०२५ मध्ये फक्त .२३० च्या खाली एवढंच लिहीत होते.

अवांतर: नॅट बेलीला याल तर मधल्या ब्रेकमध्ये सुशीच्या पोशाखातले तिघं पळण्याची शर्यत लावतात, ती चुकवू नका. माझी लेक फक्त त्यासाठी येते.


खडूसकाका

मैदान, हवा, समुद्र, सगळ्यांचा दोष. पोराचा काहीच नाही. बरं.

मला फार्मबद्दल खरी कळकळ आहे ती वेगळी. पोरं वाढवायची आणि विकायची. २०१२ च्या डिसेंबरात पिचर डिकीसाठी आपला तरुण पिचर सिंडरगार्ड न्यूयॉर्क मेट्सना दिला. तीन वर्षांत तो मेट्सना वर्ल्ड सिरीजला घेऊन गेला. २०२२ मध्ये कॅचर गॅब्रिएल मोरेनो ॲरिझोनाला, आणि पुढच्याच वर्षी ॲरिझोना वर्ल्ड सिरीजमध्ये. आपण काय जोखतो आणि कोणासाठी जोखतो?


मिसिसागाकर

काका, सिंडरगार्डचं दुःख मलाही आहे, त्यावर वाद नाही. मोरेनोबद्दल मात्र आहे. त्याच्या बदल्यात वार्शो आला, आणि सेंटर फील्डला वार्शो काय करतो ते ऑक्टोबरात पाहिलंत. शिवाय आपल्याकडे कर्क होता. दोन कॅचर एका प्लेटमागे बसत नाहीत.

आणि ऑस्टिन मार्टिन? २०२० चा पाचवा क्रमांक, व्हँडरबिल्टचा, याद्यांमध्ये वरच्या रांगेत. २०२१ च्या जुलैमध्ये पिचर बेरीओससाठी मिनेसोटाला दिला तेव्हा याच ग्रुपवर लोकांनी शिमगा केला होता. मेजरमध्ये यायला त्याला २०२४ उजाडलं. क्लबला त्याच्यात काहीतरी दिसलं होतं, किंवा दिसायचं थांबलं होतं. तेच २०२५ ला. दुसऱ्या फेरीतला खाल स्टीफन दिला, पिचर शेन बीबर आणला. बीबरने वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना जिंकून दिला.


मोसंबी

आणि सातव्यात त्यानेच डॉजर्सच्या विल स्मिथला होमरन दिला. हिशेब पूर्ण मांडा.


मिसिसागाकर

@मोसंबी, मीठ चोळायला तुम्हालाच बरं जमतं.

पण त्यामुळे मुद्दा बदलत नाही. फार्ममधल्या पोराच्या किमती दोन असतात, आपल्यासाठीची आणि बाजारातली. दुसरी पहिलीपेक्षा जास्त झाली की द्यायचा. चांगला क्लब स्वतःच्या पोरांना इतरांपेक्षा बारकाईने ओळखतो, म्हणजे निदान ओळखायला हवा. म्हणून मी याद्यांपेक्षा क्लब काय करतो ते बघतो. नोव्हेंबरात ४० जणांच्या (क्लबने राखून ठेवलेल्या खेळाडूंच्या) यादीत कोणाला घेतात? रूल फाइव्ह ड्राफ्टपासून (यादीबाहेरची पोरं दुसरे क्लब उचलतात तो) कोणाला वाचवतात? तिथे बोलघेवडेपणा चालत नाही, एक जागा खर्च होते. निम्मालाच्या बाबतीत तो प्रश्न २०२७ च्या हिवाळ्यापर्यंत येत नाही, तेव्हा घाई फक्त आपल्याला आहे.


चिंचोका

मी नवीन आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. निम्माला भारतीय वंशाचा आहे म्हणून आपण त्याच्याकडे जास्त मायेने बघतोय असं नाही ना होत? तोच आकडा दुसऱ्या आडनावाचा असता तर हा धागा निघाला असता का?


बफेलोवाली

@चिंचोका, नेमका प्रश्न. माझ्यापुरतं उत्तर: नसता निघाला, निदान माझ्या घरात तरी. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याच्या संघात भारतीय आडनावाचा तो एकटाच आहे. निम्माला तेलुगू घरातला, फ्लोरिडात जन्मलेला, लहानपणी आधी क्रिकेट खेळलेला. मुलाला त्याचं कौतुक आहे, मलाही. पण म्हणून त्याच्या स्ट्राइकआउटकडे डोळेझाक करू नये हे मान्य.

हळवेपणाने जोखलं की काय होतं ते २००८ मध्ये पाहिलंय. टीव्हीवरच्या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्सने घेतले. हातात वेग होता, बाकी खेळ शून्यातून शिकायचा होता. रिंकूने प्रामाणिक मेहनत करून लो-ए गाठलं, हे खरं तर अचाट आहे. आपण मात्र तेव्हा इथे बसून त्याला मेजरमध्ये पाहायला लागलो होतो.


सरासरीबुवा

कुमार रॉकरही विसरू नका, आई भारतीय वंशाची. २०२१ मध्ये मेट्सनी दहाव्या क्रमांकावर घेतला, वैद्यकीय तपासणी पाहून करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सासने तिसऱ्या क्रमांकावर घेतला. म्हणजे एकाच पोराला एका क्लबने नाकारलं आणि दुसऱ्याने आणखी वर नेलं. हात तोच. पिचर जोखताना खांदा-कोपर हा सहावा गुण आहे आणि तो आपल्याला बाहेरून कधीच दिसत नाही.

रिकी टीडमन घ्या. २०२२ च्या एकाच मोसमात लो-ए, हाय-ए, डबल-ए. आपल्या फार्ममधला सगळ्यात झळझळीत डावखुरा. २०२४ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, २०२५ अख्खं वाया. जुने स्काउट म्हणतात ना, पिचिंग प्रॉस्पेक्ट (होतकरू पिचर) नावाची चीजच नसते. येसॅव्हेजच्या यशाने हे वाक्य खोटं ठरलेलं नाही, तो फक्त मोडायच्या आत वर पोचला. माझ्या मते क्लबचं खरं कौतुक याचं आहे की त्याला कुठल्याही पायरीवर उगाच बसवून ठेवलं नाही. हात मोजक्या चेंडूंचा असतो, ते बफेलोत का खर्चा?


शेंगदाणा

एक वेगळा मुद्दा. पोरांना जोखताना ती खातात काय, झोपतात कुठे हे कोणी बघतं का? २०२३ च्या करारापर्यंत लो-एच्या खेळाडूला वर्षाला ११,००० डॉलर मिळायचे, ट्रिपल-एला १७,५००. त्या कराराने ते अनुक्रमे २६,२०० आणि ३५,८०० झाले. लाखो डॉलर बोनस घेतलेल्या पहिल्या फेरीवाल्याचं ठीक चालायचं. विसाव्या-पंचविसाव्या फेरीतला पोरगा हिवाळ्यात गोदामात खोकी उचलायचा आणि मार्चमध्ये त्याच्याकडून वजन कमावून येण्याची अपेक्षा. त्या काळातले किती 'फसलेले' प्रॉस्पेक्ट खरंच फसले होते आणि किती उपाशी होते? आपल्या क्लबला एक श्रेय द्यायला हवं, २०१९ मध्ये इतर कोणी हलत नसताना ब्लू जेजने स्वतःहून पन्नास टक्के वाढ दिली होती.


खडूसकाका

@शेंगदाणा, हे मात्र शंभर टक्के पटलं. लिहून ठेवा, काका सहमत झाले.


नेटबेलीचा पाहुणा

धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

बरं, पुढचं. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर जोजो पार्कर घेतलाय. तोही शाळेतून, तोही शॉर्टस्टॉप. म्हणजे एका जागेला दोन दावेदार. माझा अंदाज, दोघांपैकी एक तिसऱ्या बेसला सरकणार. निम्माला सरकला तर त्याच्या बॅटकडून अपेक्षा वाढणार, कारण तिसऱ्या बेसवरच्या माणसाला .२२० माफ नसतं.


मिसिसागाकर

सरकणार असेल तर ते डबल-एमध्ये दिसेल. न्यू हॅम्पशरची मंडळी आहेत का इथे कोणी? तिथला कॅमेऱ्याचा डेटा मिळत नाही, तेव्हा डोळेच लागणार. आठवड्यातून शॉर्टस्टॉपला किती, तिसऱ्याला किती, आणि झोनबाहेरच्या स्लायडरवर हात आवरतो की नाही, एवढं कोणी टिपून टाकलं तरी पुष्कळ.


चिंचोका

मी नॅशुआला असतो, न्यू हॅम्पशरचा संघ खेळतो ते मँचेस्टर वीस-पंचवीस मिनिटांवर. जाईन, पण स्लायडर ओळखायचा कसा ते आधी कोणीतरी सांगा.


बफेलोवाली

पहिल्या बेसच्या अंगाला, प्लेटच्या मागे तिसरी-चौथी रांग. तिकीट फार महाग नसतं. चेंडूकडे बघूच नका, कॅचरच्या ग्लोव्हकडे बघा. ग्लोव्ह शेवटच्या क्षणी बाहेरच्या बाजूला आणि खाली गेला की बहुतेक वेळा तो स्लायडर. आणि जॅकेट न्या, एप्रिलमध्ये तिथे हाडं गोठतात.